ओपन सोर्स एडिटरमधले बग आणि आपली मराठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर इथले आम्ही काही जण ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा टेक्स्ट एडिटरमधले (मजकूर आणि कोड लिहायच्या प्रोग्रॅममधले) मराठीचे दोष शोधतो, नोंदवतो आणि जमेल तिथे दुरुस्त करतो. नव्याने येणारी मुलं-मुली, शिक्षक, डीटीपीवाले जे विचारतात त्यातलं नेहमीचं इथे लिहून ठेवलं आहे.

एडिटर तर जगभरातले तरबेज लोक बनवतात. त्यात आपण काय दुरुस्त करणार?

त्यांच्या नजरेला जे पडतच नाही, ते. जीएनयू ईमॅक्स १९८५ पासून आहे, व्हिम १९९१ पासून, नोटपॅड प्लस प्लस २००३ पासून. हजारो लोकांनी त्यांचा कोड घासूनपुसून घेतला आहे. पण त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी ‘दुसऱ्या’ हा शब्द टाईप केलेला नाही. जोडाक्षर फुटलं तरी ते फुटलंय हे त्यांना कळायला मार्ग नाही. तुम्हाला मात्र ओळीवर नजर टाकताच कळतं. रोज मराठी लिहिणाऱ्या माणसाने सांगितल्याशिवाय हे दोष कुणाच्या यादीत येत नाहीत, आणि यादीत नाही ते दुरुस्त होत नाही.

मला प्रोग्रॅमिंग फारसं येत नाही. तरी चालेल?

चालेल. चांगला बग रिपोर्ट, म्हणजे दोषाची नोंद, लिहिणं हे अर्धं काम आहे, आणि त्याला कोड यावा लागत नाही. लागते चिकाटी आणि नेमकेपणा. ‘मराठी नीट दिसत नाही’ असं लिहिलं तर समोरचा काहीच करू शकत नाही. कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कोणता फॉन्ट, कोणता कीबोर्ड, कोणता शब्द, काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, एवढं क्रमाने लिहा. स्क्रीनशॉट द्या, पण फक्त स्क्रीनशॉटवर थांबू नका. ज्या मजकुरावर बग दिसतो तो दोन-तीन ओळींच्या छोट्या फाईलमध्ये टाकून ती फाईल जोडा. चित्रातून समोरच्याला शब्द उचलून घेता येत नाही, आणि त्याला तो स्वतः टाईप करता येत नाही, हे कायम ध्यानात ठेवा.

नोंदवण्याआधी आधीच कुणी तो नोंदवला आहे का ते शोधा. सापडला तर नवा न उघडता त्याखालीच तुमची माहिती जोडा.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द फाईलमध्ये डोळ्यांना दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. असं का?

हा आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि यातूनच खूप शिकायला मिळतं, म्हणून सविस्तर.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा कृषी सल्ला मराठीत निघतो. समजा वर्षभराचे सल्ले तुम्ही एका फाईलमध्ये जमा केले आणि ‘शेतकऱ्यांना’ शोधलं. काही ठिकाणी सापडेल, काही ठिकाणी नाही. कारण पडद्यावर एकसारखा दिसणारा ‘ऱ्या’ फाईलमध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो. पहिला प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, ०९३१ क्रमांकाचं, त्यापुढे हलन्त आणि य. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर या ऱ ची वेगळी कळ आहे. दुसऱ्या प्रकारात साधा र म्हणजे ०९३०, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त आणि य. तिसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि य. कुणी कोणत्या कीबोर्डवर टाईप केलं, जुना मजकूर कोणत्या कन्व्हर्टरमधून आला, यावर प्रकार ठरतो.

पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमानुसार समान आहेत. शोधण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एनएफसी या ठरलेल्या रूपात आणला की ते जुळतात. बऱ्याच एडिटरमध्ये दुरुस्ती इथवरच होते. तिसरा प्रकार मात्र या नियमात बसत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.

इथे नवखे लोक हमखास एक उपाय सुचवतात : शोधताना जॉइनर वगळून टाका. तसं करू नका. जॉइनर काढला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र सापडेल. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचंही तसंच. योग्य दुरुस्ती अशी की तुलनेपुरतं ‘र, हलन्त, जॉइनर’ हे त्रिकूट ‘ऱ, हलन्त’ असं धरायचं आणि बाकीचे जॉइनर जागच्या जागी राहू द्यायचे. परदेशातल्या मेंटेनरला, म्हणजे एडिटरचा कोड सांभाळणाऱ्याला, हा फरक ठाऊक असणं शक्य नाही. तो तुम्हीच सांगायचा, दोन्ही शब्द आणि त्यांचे अर्थ देऊन.

आणखी एक. तुलनेसाठी मजकूर बदलला की त्याची लांबी बदलते. मग एडिटर भलत्याच अक्षरावर पिवळा रंग देतो, किंवा ‘बदला’ म्हटल्यावर शेजारचं अक्षर खातो. म्हणून पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी पाठवायच्या कोडमधल्या बदलात, मूळ जागा आणि बदललेली जागा यांचा मेळ ठेवावा लागतो, आणि जो मजकूर बदलायला सांगितलेला नाही त्याला धक्का लागता कामा नये. शोधाचा पॅच तपासताना आम्ही सगळ्यात आधी हेच बघतो.

बॅकस्पेस दाबल्यावर फक्त वेलांटी जाते, पूर्ण अक्षर जात नाही. हा बग नोंदवू का?

नको. ‘कि’वर बॅकस्पेस दाबला आणि ‘क’ उरला तर ते योग्यच आहे. टाईप करताना चूक बहुधा शेवटच्या कळेची असते, तेवढीच मागे घेता आली पाहिजे. डिलीट कळेने मात्र पुढचं अख्खं अक्षर जायला हवं, आणि बाणाच्या कळेने कर्सर अक्षराच्या मधोमध अडकता कामा नये. हे दोन होत असेल तर जरूर नोंदवा.

उलट, बॅकस्पेसने एका दणक्यात ‘ऱ्यां’ अख्खा गायब होत असेल तर तो आमच्या मते बग आहे.

खाली पट्टीत कॉलम ११ दाखवतो, पण अक्षरं तर पाचच आहेत?

‘शेतकऱ्यांना’ हाच शब्द घ्या. आपण वाचतो शे-त-क-ऱ्यां-ना, पाच अक्षरं. युनिकोडचे सुटे घटक मोजले तर अकरा. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणून फाईलमध्ये तेहतीस बाइट. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न एवढाच की वाचणाऱ्याला कोणता दाखवावा.

जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर युनिकोडचा सर्वसाधारण नियम बरीच वर्षं आपल्या सोयीचा नव्हता; ‘क्ष’चे क् आणि ष असे दोन तुकडे पडत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला आणि जोडाक्षर एकसंध धरलं जाऊ लागलं. पण एडिटर ज्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, उभा आहे ती जुनी असेल तर तो अजूनही तुकडेच पाडतो. अशा वेळी दुरुस्ती म्हणजे लायब्ररीची आवृत्ती वाढवणं, एवढीच असू शकते. मोजणीचा स्वतःचा कोड लिहायला बसू नका.

‘पूर्ण शब्द जुळवा’ हा पर्याय मराठीत चालत नाही.

बरोबर आहे, अनेक ठिकाणी चालत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्यांत, शब्दातलं अक्षर कोणतं, हे प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषा आपापल्या परीने ठरवते. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठीची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखते, म्हणून पूर्ण मराठी ओळीत तिला एकही शब्द दिसत नाही. पायथॉनच्या नेहमीच्या लायब्ररीत तर वेगळीच गंमत होते : व्यंजनं अक्षरं मानली जातात, पण काना-मात्रा-वेलांट्या नाहीत. तिथे ‘पाणी’ पूर्ण शब्द म्हणून शोधला तर सापडत नाही, कारण शेवटची दीर्घ वेलांटी शब्दाबाहेर पडते. आणि ‘घर’ शोधला तर ‘घरात’मध्येही सापडतो, कारण र नंतरचा काना त्याला शब्दाचा शेवट वाटतो.

रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीच्या युनिकोडच्या शिफारशीत ही चिन्हं शब्दाचाच भाग मानली आहेत. रिपोर्टमध्ये तिचा हवाला द्या आणि ‘पाणी’ व ‘घरात’ ही दोन उदाहरणं जोडा. दोन्ही लागतात. पहिलं ‘सापडायला हवं ते सापडत नाही’ हे दाखवतं, दुसरं त्याच्या उलटं.

ओळी क्रमाने लावल्या की ळ मध्येच येतो.

युनिकोडच्या क्रमांकाने लावल्यामुळे. तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. एडिटरने भाषेनुसार क्रम लावण्याचा पर्याय द्यावा, अशी मागणी करा. नेहमीचा क्रम बदला असं म्हणू नका. कोड लिहिणाऱ्यांना तो तसाच लागतो.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. हा फॉन्टचा दोष ना?

नेहमीच नाही. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे हे एडिटरने अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझसारख्या लायब्ररीला सांगितलं, तरच मराठी वळण निवडलं जातं. एडिटरमध्ये भाषेची सेटिंग असेल आणि ती तिथवर पोचत नसेल, तर दुरुस्ती बहुधा थोडक्या ओळींची असते. पहिला पॅच करायला हे काम फार चांगलं.

जुन्या छापखान्यातली फाईल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

तो एडिटरचा बग नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असायचं. तो फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. त्या मजकुराला कन्व्हर्टर लागतो. कन्व्हर्ट झाल्यावर ऱ्य, र्य, रफार आणि पहिली वेलांटी जरूर तपासा, सगळ्यात जास्त चुका तिथेच निघतात.

टर्मिनलमध्ये व्हिम उघडलं की जोडाक्षरं सुटी होतात.

टर्मिनल (आज्ञा टाईप करायची खिडकी) हे चौकोनी घरांच्या जाळीसारखं असतं. एका घरात एक अक्षर, अशी त्याची मूळ कल्पना. देवनागरीत चार घटक मिळून एक आकृती होते आणि तिची रुंदी ठरलेली नसते. दोष टर्मिनलचा असेल तर व्हिमवाले काहीच करू शकत नाहीत. हाच मजकूर दुसऱ्या टर्मिनलमध्ये आणि जी-व्हिम या व्हिमच्या स्वतंत्र खिडकीच्या रूपात उघडून बघा, मगच कुठे नोंदवायचं ते ठरवा. ईमॅक्सच्या ग्राफिकल खिडकीत २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून हार्फबझ आहे, तुलनेसाठी ती सोयीची पडते.

लाईट गेली आणि फाईल कोरी झाली. एडिटर यात काही करू शकतो?

पुष्कळ करू शकतो. उन्हाळ्यातल्या भारनियमनाने आणि वळवाच्या वाऱ्याने हा प्रश्न आपल्याकडे जितका जाणवतो, तितका एडिटर बनवणाऱ्यांना क्वचितच जाणवत असेल. म्हणून यावर मराठवाड्यातून काम व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, सेव्ह न केलेलं लिखाण वाचवणं. व्हिम दर २०० अक्षरांनी किंवा ४ सेकंद हात थांबला की स्वॅप फाईल (बचावाची प्रत) लिहितो. ईमॅक्स साधारण ३०० कळा दाबल्यावर किंवा ३० सेकंद शांत राहिल्यावर वेगळी प्रत ठेवतो. हे आकडे सेटिंगमध्ये बदलता येतात. ज्या गावात लाईट झपकन जाते तिथे ते कमी करून ठेवावेत.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. नेमकं सेव्ह होताना लाईट जाते आणि फाईलचा आकार बरोबर असतो, पण आत नुसती शून्यं. फाईलची लांबी डिस्कवर नोंदली गेली, प्रत्यक्ष मजकूर मेमरीतच राहिला, असं झालेलं असतं. एडिटरने मजकूर आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहावा, तो डिस्कवर उतरल्याची खात्री करून घ्यावी आणि मगच तिला मूळ फाईलचं नाव द्यावं. मग कोणत्याही क्षणी लाईट गेली तरी जुनी किंवा नवी, एक प्रत शाबूत राहते. यालाही बाजू आहेत. मूळ फाईल शॉर्टकटसारखी लिंक असेल तर ती तुटू शकते, फाईलची मालकी आणि परवानग्या बदलू शकतात, आणि जुन्या हार्ड डिस्कवर सेव्ह जरा हळू होतं. पॅच लिहिताना या तिन्हींची उत्तरं तयार ठेवा, मेंटेनर विचारणारच.

तपासणीसाठी घरचा मेन स्विच पाडू नका. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारं नकली मशीन, घ्या आणि सेव्ह चालू असताना ते एकदम बंद करा.

एका ओळीत उर्दू आणि मराठी आली की सगळं उलटसुलट होतं.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या कागदांत उर्दू आणि मोडी भरपूर आहे. ते उतरवून घेणाऱ्यांना डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशा दोन्ही दिशा एकाच ओळीत लागतात. युनिकोडने त्याची रीत ठरवून दिली आहे. ईमॅक्समध्ये ती २०१२ च्या २४.१ पासून आहे, पण सगळ्या एडिटरनी ती पूर्ण पाळलेली नाही. नोंदवताना उर्दू शब्द, मराठी शब्द आणि मध्ये गट नंबरासारखा आकडा, अशी ओळ द्या. घोळ बहुतेक वेळा आकड्याशी होतो.

मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत आली. तिचे क्रमांक इतके पुढचे आहेत की जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या एडिटरमध्ये मोडीचा एक घटक दोन म्हणून मोजला जातो. कर्सर अर्ध्यावर थांबणं, पुसताना अक्षराऐवजी रिकामा चौकोन उरणं, हे त्यामुळे. मोडी वाचता येणारा कुणी ओळखीत असेल तर त्यांना आमच्याकडे घेऊन या. अशी माणसं फार लागतात.

‘कोड उघडून बघायलोय, पण काहीच उमजंना.’ सुरुवात कुठून करू?

मोठ्या एडिटरचा कोड वरपासून खालपर्यंत कुणीच वाचत नाही. मेनूमध्ये दिसणारं वाक्य घ्या, उदाहरणार्थ ‘पूर्ण शब्द’ या पर्यायाचं इंग्रजी नाव, आणि ते सगळ्या कोडमध्ये शोधा. तिथून तो पर्याय कोणत्या फंक्शनला हाक मारतो ते बघत आत जा. वाटेत टेस्टचा, म्हणजे कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, फोल्डर लागेल, तो आधी वाचा. एखादं फंक्शन काय करतं हे टेस्ट जितक्या सरळ सांगते तितकं दुसरं कुठेच सांगितलेलं नसतं.

आधीच्या आवृत्तीत चालत होतं आणि आता बिघडलं असेल, तर कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधलं बायसेक्ट वापरा. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती सांगितली की ते दर वेळी मधला बदल पुढे ठेवतं. एक हजार बदल असले तरी सुमारे दहा वेळा तपासून दोषी बदल हातात येतो. तो नेमका बदल रिपोर्टमध्ये दिलात तर कोड न लिहिताही मेंटेनरचं निम्म्याहून जास्त काम तुम्ही केलेलं असतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी मशीन आहेत, नेट मोबाईलचं. कोणता एडिटर निवडू?

तुम्ही स्वतः रोज वापरता तो. ते जमत नसेल तर नॅनो, मायक्रो किंवा जिनी असा लहान एडिटर घ्या. व्हीएस कोड उभा करायला मेमरी आणि वेळ दोन्ही बरंच लागतं, चार जीबीच्या मशीनवर मनस्ताप होईल. डाउनलोड करताना पूर्ण इतिहास न घेता फक्त ताजी प्रत घ्यायची सोय गिटमध्ये आहे, डेटा वाचतो. पण बायसेक्टला इतिहास लागतो, तेवढ्यापुरतं कॉलेजच्या वायफायवर बसा.

इंग्रजी कच्चं आहे.

छोटी वाक्यं लिहा. पायऱ्यांना आकडे द्या. व्याकरणापायी कुणी रिपोर्ट परत पाठवल्याचं आमच्या पाहण्यात नाही.

नवं फीचर सुचवावं की आहे ते सुधारावं?

आधी आहे ते. नवं फीचर म्हणजे मेंटेनरच्या डोक्यावर कायमची जबाबदारी, त्यामुळे ते हात आखडता घेतात आणि ते रास्त आहे. ‘मराठी मोड हवा’ ही मागणी मान्य होण्याची शक्यता फार थोडी. ‘शब्द मोजताना काना-मात्रांवर शब्द तोडू नका’ ही मान्य होते, कारण तिचा फायदा हिंदी, नेपाळी, बंगाली, तमिळ सगळ्यांना होतो. तुमची सुधारणा इतर कोणकोणत्या लिप्यांना उपयोगी पडेल ते दोन ओळींत जरूर लिहा.

एआयकडून पॅच लिहून घेतला तर?

प्रत्येक प्रकल्पाचे याबाबत आपले नियम आहेत, काहींना ते अजिबात चालत नाही. आधी ते वाचा. आमच्या गटापुरता नियम असा : जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती पाठवायची नाही.

लायसन्स, कॉपीराइटचं काही सही-बिही करावं लागतं का?

प्रकल्पावर अवलंबून आहे. जीएनयू ईमॅक्समध्ये साधारण १५ ओळींपेक्षा मोठा बदल असेल तर कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून देण्याचा कागद भरावा लागतो. काही ठिकाणी ऑनलाइन करार असतो, काही ठिकाणी कमिटखाली (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाखाली) नाव आणि ईमेल पुरतं. नोकरीत असाल तर आधी कंपनीची परवानगी घ्या.

पॅच पाठवून दीड महिना झाला, कुणी उत्तर देईना.

यातले बरेच लोक नोकरी सांभाळून, रात्री जागून हे काम करतात. दोन-तीन आठवड्यांनी नम्रपणे एकदा आठवण करा. तोवर पॅच ताज्या कोडवर आणून ठेवा आणि टेस्ट जोडलेली नसेल तर जोडा. मोठा पॅच असेल तर त्याचे तुकडे करा. शोधाची दुरुस्ती, रंगाची दुरुस्ती आणि सेटिंग असं एकत्र पाठवलं की तपासणारा ते पुढे ढकलतो. रागावून लिहू नका. नकार आला तर कारण विचारा आणि ते आपल्या गटात सांगा, पुढच्याला उपयोगी पडतं.

यातून पैसे किंवा नोकरी मिळते का?

थेट क्वचितच. ओपन सोर्स प्रकल्पांत काम करायचा गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून चालू आहे, त्यात मानधन मिळतं, आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्यांनाही अर्ज करता येतो. मुलाखतीत तुमचा मान्य झालेला पॅच दाखवता येतो, त्यावरची चर्चा दाखवता येते, याचं वजन पडतं. फक्त संख्या वाढवायला वाचा-फाईलमधला (रीडमीमधला) एखादा शब्द बदलून पाठवणं मात्र बंद करा. त्याने मेंटेनरचा वेळ जातो आणि पुढे आपल्या भागातून आलेल्या खऱ्या पॅचकडेही संशयाने पाहिलं जातं.

पॅच मान्य झाला. आता काम संपलं?

अजून नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन्ही शब्द असलेली टेस्ट त्यात गेली आहे ना ते बघा. नसेल तर पुढच्या वर्षी कुणीतरी शोधाचा वेग वाढवायला जाईल आणि तोच बग परत येईल. मग पुढची आवृत्ती निघेपर्यंत वाट पाहा. डेबियन या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीसारख्या ठिकाणी ती पोचायला वर्षही लागू शकतं, त्यामुळे लॅबमध्ये जुनाच बग दिसला तर घाबरून नवा रिपोर्ट टाकू नका, आधी आवृत्ती तपासा. नवी आवृत्ती आली की तुमच्या मूळ फाईलवर पुन्हा करून बघा, विंडोजवर आणि लिनक्सवर दोन्हीकडे, आणि जे दिसेल ते त्याच रिपोर्टखाली लिहा.